प्रोग्रेसिव्ह संगीतावर बोलताना निकाल नको, जागा सांगा

विचारणारे नागपूरचेच आहेत, वय २३. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, ऐकणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये महिन्याभरापूर्वी आलो. ‘येस’ या बँडचं ‘क्लोज टू द एज’ मला कंटाळवाणं वाटलं, त्यापेक्षा ड्रीम थिएटर हा मेटल बँड कितीतरी सरस, असं लिहिलं. एकाने सुनावलं, ‘आधी दहा वेळा ऐका, मग बोला.’ दुसऱ्याने सगळ्या पिढीवरच तोंडसुख घेतलं. मीही तापलो आणि नको ते बोललो. तेव्हापासून गप्प आहे. या लोकांत बोलायची रीत नेमकी काय असते? सगळं ऐकून होईपर्यंत तोंड उघडायचंच नाही का?"

तोंड उघडायचं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना धाकधूक नको.

मी नागपुरात गेली सतरा वर्षं अशा ऐकणाऱ्यांची बैठक चालवतो. महिन्यातून दोन रविवारी, लक्ष्मीनगरातल्या एका घराच्या वरच्या खोलीत दहा-पंधरा माणसं जमतात. एक आख्खी रेकॉर्ड मधे न बोलता ऐकायची आणि मग चहा-पोह्यांवर बोलायचं, एवढाच कार्यक्रम. शिवाय नव्वदेक जणांचा ग्रुप सांभाळतो. तुम्ही सांगता तसे प्रसंग मी खूप पाहिलेत. काही वेळेवर मिटवले, काहींत चूक माझीच होती. त्यातली एक पुढे सांगणार आहे.

तुम्ही रीत विचारताय, पण तुमची अडचण रीतीची नाही असं मला वाटतं. शिव्या देऊ नयेत, वय काढू नये, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अडचण अशी झाली की तुम्ही काय ऐकलं ते सांगितलंच नाही, ऐकून झाल्यावर मनात लागलेला निकाल तेवढा सांगितला. समोरच्यानेही तेच केलं. त्याला त्या संगीतात काय सापडलं याबद्दल अवाक्षर नाही, तुमच्या पात्रतेचा निकाल मात्र दिला. दोन निकाल समोरासमोर आले की बोलण्यासारखं काही उरत नाही. मग माणसं वयावर घसरतात.

हे चाहते एवढे हळवे का, हेही समजून घ्या. या संगीताला वेळ द्यावा लागतो. ‘क्लोज टू द एज’ ही १९७२ची अठरा मिनिटांहून मोठी रचना, एलपी रेकॉर्डची एक आख्खी बाजू. आमच्या वयाच्या माणसांनी असल्या रेकॉर्डी मुंबईहून कुणीतरी भरून आणलेल्या कॅसेटवर ऐकल्या, एकेक कॅसेट वर्षभर ऐकली, कारण दुसरी नव्हतीच. त्यात १९७६-७७च्या सुमारास पंक हे साधं, रांगडं रॉक आलं आणि हेच संगीत फुगलेलं, दिखाऊ म्हणून हिणवलं जाऊ लागलं. तेव्हापासून या चाहत्यांना बचावाची सवय जडली आहे. तुम्ही ‘कंटाळवाणं’ म्हणता तेव्हा त्यांना ऐकू येतं की तुमची ती वर्षं फुकट गेली. तुम्हाला तसं म्हणायचं नव्हतं, पण ऐकू तेच येतं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात. ग्रुप एकाच बँडच्या चाहत्यांचा असेल तर माणसं तिथे प्रेमापोटी जमलेली असतात. तिथे पहिल्याच आठवड्यात ‘दुसरा बँड सरस’ म्हणणं म्हणजे कुणाच्या घरच्या लग्नात जेवताना शेजारच्या मांडवातल्या जेवणाची तारीफ करणं. सगळ्या प्रोग्रेसिव्ह संगीताचा ग्रुप असेल तर तुलना होणारच, व्हायलाच हवी. दहा माणसांत चालतं ते दोनशे माणसांत चालत नाही, कारण दहा जणांना तुमचा आवाज ओळखीचा असतो. समोरासमोर बसून बोललेलं तिखट वाक्य चेहऱ्यामुळे सौम्य होतं. लिहिलेलं तिखटच राहतं. तुमचा ग्रुप कसला आहे ते मला माहीत नाही, म्हणून यातलं काय लागू होतं ते तुम्हीच ताडून बघा. पुढे जे सांगतोय ते मात्र मला सगळीकडे उपयोगी पडलं आहे.

आपल्याकडे एक फार चांगला शब्द आहे: जागा, म्हणजे गाण्यातलं ते नेमकं ठिकाण जिथे काहीतरी खास घडतं. सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात मैफलीच्या मध्यंतरात उभे राहा आणि जुने रसिक काय बोलतात ते ऐका. ‘छान गायले’ एवढ्यावर कुणी थांबत नाही. ‘अंतऱ्याला जाताना ती जागा घेतली ना...’ म्हणत एकाचा हात हवेत फिरतो, आणि न पटलेला म्हणतो, ‘तीच मला ओढूनताणून वाटली.’ वाद असतोच, पण दोघांचंही बोट एकाच ठिकाणी असतं. प्रोग्रेसिव्ह संगीतावर बोलतानाही मला हीच रीत खरी वाटते. रचना आवडली की नाही हे नंतर. आधी कुठे काय झालं ते सांगा.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वीचा मे महिना, संध्याकाळचे साडेसहा, तरी भिंती तापलेल्याच. खोलीत मोठा कूलर, त्याला नुकत्याच लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास. नेमकी ‘क्लोज टू द एज’च लावायची होती. अभियांत्रिकीचा एक मुलगा म्हणाला, "घरी ऐकली मी. सुरुवातच डोक्यावर आदळते. काही तयारीच नाही." आमच्यातले एक ज्येष्ठ चमकून म्हणाले, "काऊन रे, पाखरं नाही ऐकली तू?" मुलगा म्हणाला, "कोणती पाखरं?" त्याने ती मोबाइलच्या स्पीकरवर ऐकली होती, शेजारी कूलर घरघरत असताना. ही रचना सुरू होते ती वाहत्या पाण्याच्या आणि पाखरांच्या आवाजाने. तो आवाज जवळजवळ मिनिटभर हळूहळू चढत जातो आणि मग सगळा बँड एकदम फुटतो. कूलरच्या आवाजात ते मिनिट गिळलं गेलं होतं.

आम्ही कूलर बंद केला. घामाने निथळत अठरा मिनिटं बसलो. संपल्यावर मुलगा म्हणाला, "पाखरं आहेत, मान्य. पण त्याच्यानंतर आदळतंच ना?" आणि तो बरोबर होता. ते तसं आदळावं म्हणूनच आधीचं मिनिट आहे. ज्येष्ठांनाही ते पटलं. पुढचा अर्धा तास दोघं त्या एकाच क्षणाबद्दल बोलत होते, एकाला तो अंगावर येणारा वाटला आणि दुसऱ्याला मोकळा करणारा. कुणी कुणाचं मत बदललं नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला: मत देण्याआधी कसं ऐकलं ते सांगायचं. कशावर ऐकलं, किती ऐकलं, लक्ष कुठे सुटलं.

तुम्हीही ‘कंटाळवाणं’ऐवजी असं लिहिलं असतं की ‘आठ-नऊ मिनिटांनंतर लय मंदावते तिथे माझं लक्ष उडालं, पुढे नेलं नाही’, तर माझी खात्री आहे, कुणीतरी लिहिलं असतं: अजून थोडं थांबा, बाराव्या मिनिटाच्या पुढे ऑर्गन येतो. तो खराखुरा चर्चमधला पाइप ऑर्गन आहे, येसच्या रिक वेकमनने लंडनच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये वाजवलेला. ती संथ वाट त्या ऑर्गनपर्यंत न्यायलाच आहे. ऐकून तुम्हाला तरीही कंटाळा आला असता कदाचित. पण भांडण झालं नसतं.

‘दहा वेळा ऐका’ यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. हे संगीत पुन्हा ऐकल्यावर उलगडतं, माझ्या बाबतीत तर कित्येकदा तसं झालंय. पण हे वाक्य फक्त स्वतःबद्दल बोलावं. ‘मला चौथ्यांदा ऐकताना ते लागलं, आणि लागलं ते अमुक ठिकाणी’ असं म्हटलं की समोरच्याला परत ऐकावंसं वाटतं. ‘दहा वेळा ऐक’ म्हटलं की दार लागतं.

इथेच माझी चूक सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या बैठकीला कॉलेजातली एक मुलगी आली होती. बासरी शिकत होती. आम्ही जेथ्रो टल या बँडचं ‘अ‍ॅक्वालंग’ लावलं होतं. संपल्यावर ती म्हणाली, "हे बासरी वाजवतात तेव्हा धाप लागल्यासारखं वाटतं. फुंकेत सूर कमी आणि श्वास जास्त." मी सगळ्यांसमोर, चढ्या आवाजात म्हणालो, "आधी यांच्या चार-पाच रेकॉर्डी ऐक, मग इयान अँडरसनबद्दल बोल." ती गप्प झाली. चहा घेतला, थँक्यू म्हणाली, आणि परत कधी आली नाही.

ती जे बोलली ते तंतोतंत खरं होतं. जेथ्रो टलचा हा अँडरसन फ्लूट वाजवताना त्यात गुणगुणतो, ओरडतो, फुंक मुद्दाम फाटू देतो. ही तऱ्हा त्याने जॅझवादक रोलंड कर्कच्या वादनावरून घेतली. १९६८च्या पहिल्याच रेकॉर्डवर जेथ्रो टलने कर्कची एक रचना वाजवली आहे. त्या मुलीच्या कानाने पहिल्या ऐकण्यात ती नेमकी जागा पकडली होती. मला पंचवीस वर्षांत जे शब्दांत धरता आलं नव्हतं ते तिने एका वाक्यात सांगितलं, आणि मी तिला गप्प बसवलं. त्या क्षणी मी एवढंच विचारायला हवं होतं: ‘तुम्हाला शिकवताना गुरुजी हा श्वास का झाकायला सांगतात?’ तिला सांगता आलं असतं, आम्हाला शिकता आलं असतं. बासरीवाला आणि फ्लूटवाला एकाच खोलीत बसण्याची संधी आपल्या गावात रोज येत नाही. ‘आधी ऐक, मग बोल’ हे वाक्य मी त्यानंतर कुणालाही म्हटलेलं नाही, आणि दुसऱ्याने म्हटलं तर तिथल्या तिथे थांबवतो.

आता बँडच्या नावांबद्दल, कारण निम्मे गैरसमज तिथे होतात. नावाबरोबर साल सांगायची सवय लावून घ्या. ‘किंग क्रिम्झन मला झेपत नाही’ या वाक्याचा अर्थच लागत नाही. १९६९च्या पहिल्या रेकॉर्डवर मेलोट्रॉनचे, म्हणजे टेपवर भरलेले सूर वाजवणाऱ्या कीबोर्डचे, मोठमोठे ढग आहेत. १९७४च्या ‘रेड’मध्ये तिघांचा जडशीळ, धातूसारखा आवाज आहे. गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने मग बँड मोडला आणि १९८१ साली दोन नव्या माणसांना घेऊन उभा केला तेव्हा एकमेकांत विणलेल्या दोन गिटारींचं वेगळंच संगीत निघालं. नाव एक, गाव तीन.

माणसं बदलतात तिथे तर फारच जपून. जेनेसिसमधून गायक पीटर गेब्रियल १९७५ला गेला आणि १९७० पासून मागे ड्रम्स वाजवणारा फिल कॉलिन्स पुढे येऊन गाऊ लागला. मॅरिलियनमधून गायक फिश १९८८ला गेला, पुढच्या वर्षी स्टीव्ह होगार्थ आला. तुमच्या ड्रीम थिएटरमधून ड्रमर माइक पोर्टनॉय २०१०ला बाहेर पडला आणि २०२३ला परतला. प्रत्येक ठिकाणी ‘तो गेला आणि बँड संपला’ म्हणणारा एक माणूस असतोच. त्याच ग्रुपात त्याच बँडवर जीव लावणारा दुसरा एक असतो, ज्याची ओळखच नंतरच्या माणसापासून झाली. आपण कोणत्या दाराने आत आलो ते सांगितलं की पुरे. ‘मी फिशच्या काळापासून ऐकतोय, म्हणून माझे कान तिकडे झुकलेले आहेत’ असं कुणी म्हटलं की पुढचं सगळं ऐकून घ्यायला मन तयार होतं.

तांत्रिक शब्दांचंही असंच. पिंक फ्लॉइडचं १९७३चं ‘मनी’ लावलं होतं. महालातले एक काका तबला वाजवतात. ते बोटांवर मोजत म्हणाले, "हा तर रूपक ताल." एक गिटारवाला म्हणाला, "नाही काका, सेव्हन-फोर आहे." वीस मिनिटं दोघं एकच गोष्ट दोन भाषांत बोलून भांडत राहिले. माझं मत असं की इथे रूपक म्हणू नये, कारण रूपकाला स्वतःचा ठेका आहे, त्याची समच ‘खाली’च्या मात्रेवर येते, आणि या गाण्यात तसलं काही नाही. ‘सात मात्रा’ म्हणावं. ते दोघांनाही कळतं. मग सगळ्यांनी मिळून सात मोजले. सॅक्सोफोनपर्यंत बरोबर बसलं आणि गिटारचा सोलो सुरू झाला तशी काकांची बोटं अडखळली. तिथे बँड सरळ चारात जातो. "अरे, सात सोडले यांनी!" म्हणून काका एवढे खूश झाले की तो भाग आम्हाला तीनदा लावावा लागला. समोरच्याला बरोबर नेणारा शब्द वापरावा. पॉलिरिदम कळत नसेल त्याला ‘ड्रम्स एक हिशोब मोजतायत, गिटार दुसराच, आणि मधेच कुठेतरी दोघं भेटतात’ असं सांगितलं तर तो त्या भेटीची वाट बघत ऐकतो.

‘हे प्रोग्रेसिव्ह आहे की नाही’ हा वाद मी आता चालू देत नाही. कुणी त्या शब्दाचा अर्थ १९७०च्या दशकातली एक शैली असा घेतो, कुणी नवं काही करणं असा घेतो. ओपेथ या मेटल बँडने २०११च्या ‘हेरिटेज’मध्ये गुरगुरणारा आवाज सोडला आणि जुन्या सत्तरीतल्या रंगाकडे गेले, तेव्हा पहिल्या अर्थाने ते जास्त प्रोग्रेसिव्ह झाले आणि दुसऱ्या अर्थाने मागे गेले. दोन्ही बाजू बरोबर असतात, म्हणून तो वाद कधी संपत नाही. कुणी काढलाच तर मी विचारतो, ‘तुम्हाला त्यात काय ऐकू आलं?’

नव्या माणसाला काय सुचवावं, हेही शिष्टाचारातच येतं. तुमच्या ग्रुपात आल्या आल्या कुणी तुमच्या अंगावर चाळीस नावांची यादी टाकली असेल तर ती बाजूला ठेवा. मी एकच नाव सुचवतो, आणि आधी विचारतो की सध्या काय ऐकता. ख्याल ऐकणाऱ्याला लांबीची भीती नसते. पाऊण तास यमन ऐकलेल्या माणसाला ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ हे रेकॉर्डच्या दोन्ही बाजू व्यापणारं १९७२चं एकच गाणं सांगायला मी कचरत नाही. तालाचा माणूस असेल तर आधी गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनकडे नेतो. त्याचा बँड महाविष्णू ऑर्केस्ट्रा, आणि मग झाकिर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम यांच्यासोबतचं शक्ती. मेटलवाल्याला लांबी, विषम ताल हे सगळं आधीच सवयीचं असतं, त्याला मेलोट्रॉनची सवय व्हायला वेळ लागतो एवढंच. आणि सुचवलं की पाठपुरावा करू नये. ‘ऐकलं का? ऐकलं का?’ या प्रश्नाने ऐकणं गृहपाठ होतं.

दोन बारक्या गोष्टी. ज्या रेकॉर्डमध्ये गोष्ट आहे, उदाहरणार्थ ड्रीम थिएटरची १९९९ची ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’, तिचा शेवट न ऐकलेल्यांसमोर फोडू नये. आणि फुकट उतरवून घेण्याच्या लिंका ग्रुपात टाकू नयेत. आम्ही भरलेल्या कॅसेटींवरच वाढलो, कारण दुकानात काही मिळतच नव्हतं. आता मिळतं. मॅरिलियनच्या बारा हजारांहून अधिक चाहत्यांनी रेकॉर्ड तयार होण्याआधीच पैसे भरले, त्यावर २००१ची त्यांची रेकॉर्ड उभी राहिली. हे बँड असेच चाहत्यांच्या जिवावर जगतात.

आता तुमचं. उलट बोललात ते ग्रुपात बोललात, तर दिलगिरीही ग्रुपातच, एका ओळीत. ‘त्या दिवशी तापून बोललो, चुकलं.’ सोबत सुरुवात कोणी केली याचा हिशोब नको. दोन दिवस जाऊ द्या. मग हेडफोन लावून एकदा, शक्यतो रात्री, ती रचना ऐका, आणि जिथे लक्ष उडेल तिथे थांबवून मिनिट-सेकंद लिहून ठेवा. आवडायची गरज नाही. ग्रुपात तेवढंच लिहा: कसं ऐकलं, कुठपर्यंत टिकलो, कुठे सुटलो.

आणि मला एक प्रश्न पडला आहे. तुम्ही ड्रीम थिएटरचे चाहते, तर १९९५चं ‘अ चेंज ऑफ सीझन्स’ नक्की ऐकलं असेल. ते तेवीस मिनिटांचं आहे. म्हणजे लांबी तुम्हाला खटकत नाही. येसमध्ये दुसरंच काहीतरी खटकतंय. गायक जॉन अँडरसनचा उंच आवाज? अर्थ न लागणारे शब्द? ढोबळ रिफची, म्हणजे परत परत येणाऱ्या गिटारच्या तुकड्याची, वाट बघत राहिलात आणि ती रिफ आलीच नाही, असं झालं का? ते काय आहे हे तुमच्या ग्रुपातल्या त्या ‘दहा वेळा’वाल्या माणसालाही ऐकावंसं वाटेल, कारण त्याला ते कुणी कधी सांगितलं नसणार. मला तर ऐकायचंच आहे. पुढच्या रविवारी आम्ही तीच रेकॉर्ड परत लावतोय. कूलर बंद असेल, एक जादा रुमाल घेऊन या.